मदत हवी आहे: बांगड्याचा भाव उतरला, तो आवकेमुळे की श्रावणामुळे?

माझी बारावीच्या अर्थशास्त्राची मुलं दर शनिवारी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर बांगड्याचा भाव आणि विकलेल्या टोपल्या वहीत टिपतात. आधी आलेखावरचे सगळे बिंदू जोडून त्यालाच मागणी वक्र (कोणत्या भावाला गिऱ्हाईक किती घेईल ते दाखवणारी रेषा) म्हणायची. मग नियम दिला: भाव आणि विक्री एकाच दिशेने हलली तर मागणी सरकली, उलट दिशांनी हलली तर पुरवठा. जूनच्या मासेमारी बंदीला तो चोख लागू पडला. मुलं आता कारण विचारल्याशिवाय आकडा मानत नाहीत, याचं फार अप्रूप वाटतं!

अडतं ऑगस्टमध्ये. बंदी उठून आवक वाढते, त्याच सुमारास श्रावणामुळे गिऱ्हाईक आटतं. भाव दोन्हींमुळे उतरतो. श्रावणाचे बिंदू वेगळ्या रंगात काढले, उपयोग झाला नाही. बीजगणित आणि संगणक नको. दोनच तासिका आहेत. दोन्ही परिणाम वेगळे दिसावेत म्हणून बंदरावर आणखी कोणती एक नोंद घ्यायला सांगू?