आवाज येतोय, पडदा काळा: फ्यूज पुन्हा उडाला असेल तर

तुमच्या आर्केड गेम मशीनच्या जुन्या, काचेच्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरचा फ्यूज दोनदा उडाला, आता जास्त अँपिअरचा टाकून बघू का, असं तुम्ही विचारलंय. आवाज येतोय, नाणं टाकल्यावर क्रेडिटही वाजतंय, म्हणजे गेम बोर्ड (गेम चालवणारं सर्किट) बहुधा शाबूत आहे. दोष मॉनिटरचाच, हे तुमचं निदान मलाही पटतं. पण जास्त अँपिअरचा फ्यूज टाकून बघायचा विचार कृपया सोडा. दुसरा फ्यूजही लावल्याबरोबर उडाला, तेव्हा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे.

हात घालण्याआधी वीज बंद करून ट्यूबच्या रबरी टोपीखालचा अ‍ॅनोड (ट्यूबचं उच्च दाबाचं टोक) डिस्चार्ज करा, म्हणजे त्यात साठलेला चार्ज काढून टाका. स्क्रूड्रायव्हरच्या धातूच्या दांडीला बांधलेली वायर आधी ट्यूबभोवतीच्या अर्थ पट्टीला जोडा, मगच टोक टोपीखाली सरकवा. मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्येही चार्ज राहतो, तो विसरू नका.

माझा पहिला संशय हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरवर (पडद्यावर आडव्या रेषा काढणाऱ्या सर्किटचा मुख्य ट्रान्झिस्टर). तो सोडवून त्याच्या कलेक्टर आणि एमिटर या दोन पिनांना मीटर लावा. दोन्ही दिशांना शून्याजवळ दाखवलं तर तो गेला. एकाच दिशेला रीडिंग आलं तर घाबरू नका, काहींच्या पोटातच डँपर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो.

नवा ट्रान्झिस्टर टाकल्यावर फ्यूजच्या जागी ६० किंवा १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब जोडून चालू करा (एलईडी चालणार नाही). क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखीतच राहिला तर लगेच बंद करा; शॉर्ट अजून आहे, आणि मग मी फ्लायबॅक (ट्यूबसाठी उच्च दाब तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) तपासेन.

मॉनिटरचा बोर्ड बाहेर आलाच आहे तर फ्लायबॅकच्या पिनांचं सोल्डरिंग भिंगातून बघा. माझ्या मॉनिटरमध्ये एका पिनेभोवती केसाइतकी बारीक गोल भेग होती, नुसत्या डोळ्यांना अजिबात दिसत नव्हती.