मदत हवी आहे: ताप लवकर परत चढतो, पॅरासिटामॉल किती तासांनी द्यावं?

इंदूरमधले कोणी बालरोगतज्ज्ञ किंवा फार्मसिस्ट आहेत का ग्रुपवर? मुलगी अडीच वर्षांची, वजन 11 किलो, कालपासून ताप, 102 च्या आसपास. डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल सिरप (5 मिलीत 250 मिग्रॅ वालं) 3 मिली देतोय, सहा-सहा तासांनी, म्हणजे किलोला 15 मिग्रॅच्या आतच आहे, पण चार तास झाले की परत चढतो. पाणी पितेय, शू नीट होतेय, उलटी नाही, पुरळ नाही. कोमट पाण्याने पुसूनही पाहिलं.

मेडिकलवाल्याने मेफेनॅमिक ॲसिड आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली बाटली हातात दिली, "इससे जल्दी उतरेगा" म्हणे, चिठ्ठीसुद्धा मागितली नाही! सासूबाई म्हणतात देऊन टाक, पण कॉलनीत डेंग्यू आहे, हिची टेस्ट उद्या सकाळी, आणि डेंग्यूचा संशय असताना आयबुप्रोफेन-मेफेनॅमिक देत नाहीत, ब्लीडिंगची भीती असते, म्हणून बाटली उघडलीच नाहीये. निमेसुलाइड कृपया सुचवू नका, 12 वर्षांखाली बंदी आहे त्यावर.

आमचे डॉक्टर उद्यापर्यंत फोनवर नाहीत. सुस्त वाटली तर सरळ इमर्जन्सीत नेणारच आहोत. तर आज रात्रीपुरतं, साधं पॅरासिटामॉलच सहाऐवजी चार तासांनी दिलं तर चालेल का, आणि 24 तासांत जास्तीत जास्त किती वेळा?