अमोनिया मोजलाय, १८ म्हणजे किती? (मदत हवी आहे)

मांजरीकर
घरात वास येतो म्हणून मशीन घेतलं. रात्री १८ दाखवतं, पहाटे ३१. घातक आहे का? रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, त्याआधी उत्तर हवंय. 'खिडक्या लावून घ्या' सांगू नका, ते करून झालंय.

गंधवेडा
१८ काय? आंबे? कुठलं मशीन, ठेवलंय कुठे, वास सडक्या अंड्याचा की नाकात झोंबणारा? सगळं विचारायला लावता राव.

कोथरूडची काकू
आमच्याकडे नदीवरून असाच वास येतो. पाऊस झाला की बरं वाटतं. तुळस लावा.

मांजरीकर
काकू, तुळस आहे. वास झोंबणारा. मशीन ऑनलाइन मागवलं, आतल्या सेन्सरवर एमक्यू-१३५ लिहिलंय. स्क्रीनवर पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग.

प्रयोगवाला
इथेच घोळ आहे. १ पीपीएम अमोनिया म्हणजे साधारण ७०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. आपल्याकडचं २००९ चं मानक २४ तासांच्या सरासरीला ४०० आणि वर्षाच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे तुमचे १८ पीपीएम खरे असतील तर २४ तासांच्या मानकाच्या तीसपट. तुम्ही घरात जेवत-झोपत असाल तर मला शंका आहे. हा सेन्सर धूर, अल्कोहोल, सॅनिटायझर, दमट हवा, सगळ्यालाच हलतो. शिवाय त्याची अमोनियाची रेंज सुरूच होते १० पीपीएमला. मानक मोजायला तो उपयोगाचा नाही. फुटपट्टीने केसाची जाडी मोजल्यासारखं.

शेणखत
शेजारी गोठा आहे ना? गोठा आधी होता, बिल्डिंग नंतर आली. मशीन घेऊन गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका.

मांजरीकर
गोठ्याचं मी लिहिलंच नव्हतं! आहे, पण दोनशे मीटरवर. सोसायटीचा मैलापाणी प्लांट त्याहून जवळ आहे.

गंधवेडा
हे आधी सांगायचं! गोमूत्रातल्या युरियाचा अमोनिया होतो, मैलापाण्यातूनही निघतो. शेतात युरिया टाकला तरी तेच. गाड्यांचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधूनही थोडा येतो, त्यामुळे हायवेही सुटत नाही. एका गोठ्याला धरून बसू नका.

शेणखत
ऐका जरा.

प्रयोगवाला
मीटिंगसाठी खरा आकडा हवा तर मान्यताप्राप्त लॅबला बोलवा. पंपाने ठरावीक वेगाने हवा ओढून ती पातळ सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीतून बुडबुड्यांनी सोडतात, अमोनिया आम्लात अडकतो. मग फिनॉल आणि हायपोक्लोराइट घालून निळा रंग आणतात आणि रंगाच्या गडदपणावरून मोजतात. नळी लांब ठेवू देऊ नका, अमोनिया नळीच्या भिंतींना चिकटतो आणि आकडा कमी येतो. एक बाटली गच्चीवर, एक प्लांटकडे, एक गोठ्याच्या बाजूला. वारा कुठून होता ते तासातासाला लिहून ठेवा, नाहीतर तिन्ही आकडे वाया. पैसे कमी असतील तर सायट्रिक आम्ल लावलेले कागद दोन आठवडे टांगतात, तेही चालतं. पण त्यातून पहाटेचा झटका दिसत नाही, फक्त सरासरी दिसते.

टेकडीवाला
पहाटे वाढतं कारण थंडीत जमिनीलगतची हवा खालीच अडकते. हडपसरच्या बाजूला धुकंही असतं. बरं, पुण्यातलं कुठलं सरकारी हवामापन केंद्र तुम्हाला जवळ पडतं?

गंधवेडा
त्याने काय होणार? सरकारी यंत्र आपल्या जागी असतं, गोठा आपल्या जागी.

टेकडीवाला
तुलनेला हवं. देशाच्या हवा गुणवत्ता निर्देशांकातल्या आठ प्रदूषकांत अमोनियाही आहे. तिथला आकडा शांत आणि तुमचाच वर, तर उगम तुमच्या दाराशी आहे.

गंधवेडा
हे पटलं. पण ३१ पहाटे नेमकं किती वाजता? तेव्हा घरात काय चालू असतं?

मांजरीकर
सहाच्या सुमारास. मशीन देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत आहे. आई तेव्हा उदबत्ती लावते.

प्रयोगवाला
झालं.

मांजरीकर
पण रात्रीचे १८? वास तर खरा आहे, माझ्या नाकावर तरी विश्वास ठेवा. उद्या उदबत्ती बंद ठेवून बघतो.

कोथरूडची काकू
उदबत्ती कशाला बंद करताय? मशीन बाल्कनीत न्या.