लिटिट्झची जुनी प्रेट्झेल बेकरी बाबांना दाखवायची आहे, माहिती हवी

नमस्कार मंडळी,

आईबाबा साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आलेत. नायगारा, न्यूयॉर्क सगळं झालं. आता खास बाबांसाठी एक ठिकाण मनात आहे: पेनसिल्वेनियात लँकेस्टर काउंटीतल्या लिटिट्झ गावातली ज्युलियस स्टर्जिस प्रेट्झेल बेकरी (प्रेट्झेल म्हणजे पिठाच्या वळीला पीळ घालून भाजलेला खारट पाव किंवा बिस्किट). १८६१ सालची, अमेरिकेतली पहिली व्यावसायिक प्रेट्झेल बेकरी म्हणून ओळखली जाते. घर त्याहून जुनं, १७८४ चं. आत विटांच्या जुन्या भट्ट्या अजून जपून ठेवल्यात, आणि मला त्याच बाबांना दाखवायच्या आहेत.

बाबांनी एकतीस वर्षं बेकरीत भट्टी सांभाळली. पाव, बटर, खारी. ताव बघायला ते भट्टीच्या तोंडाशी पंजा धरायचे आणि मनात आकडे मोजायचे. किती आकड्यांना हात मागे घ्यावा लागतो त्यावरून पाव घालायचे की खारी, ते ठरायचं. मनगटावरचे डाग अजून आहेत. पुढे डिझेलचा ओव्हन आला आणि भट्टी पाडली. त्या रात्री बाबा जेवले नव्हते.

तर तिथे जाऊन आलेल्यांनी सांगा: भट्टीच्या किती जवळ जाता येतं? तोंडातून आत वाकून बघू देतात का, की दोरी लावून लांबूनच दाखवतात? माहिती सांगणारी व्यक्ती थोडं थांबून प्रश्न घेते का? बाबा विटा कशा रचल्यात, धूर कुठून काढलाय हे विचारणारच, मी भाषांतर करेन. पण मागे तीसजणांचा घोळका असला की ते संकोचून गप्प बसतात, म्हणून कमी गर्दीची वेळ कळली तर फार बरं होईल. त्यांचे गुडघे दुखतात, आत पायऱ्या किती आहेत?

पीठ वळून प्रेट्झेलचा पीळ घालायला पाहुण्यांनाही देतात म्हणे. सात वर्षांची लेक त्यासाठीच उड्या मारतेय. वयाची काही अट आहे का?

आई शुद्ध शाकाहारी. पिठात अंडं किंवा चरबी घालतात का, हे खात्रीने कोणाला माहीत आहे? भाजण्याआधी प्रेट्झेल खाराच्या पाण्यातून काढतात, कुठे कॉस्टिक सोड्याच्या तर कुठे खायच्या सोड्याच्या, त्यानेच तो तपकिरी रंग आणि वेगळी चव येते. हे सांगितल्यावर आई लगेच म्हणाली, "म्हणजे आपला पापडखारच की!" त्यामुळे तिला आता चव घ्यायचीच आहे.

येत्या शनिवारी निघायचा विचार आहे. तिकिटं आधी काढावीत की तिथे जाऊन मिळतात?