धुमसलेल्या मातीच्या भिंती आणि चित्रांचं दालन

कुणीतरी विचारलंय की कलादालनाच्या भिंती धुमसलेल्या मातीच्या, म्हणजे साच्यात ओलसर माती थराथराने ठोकून घट्ट केलेल्या, केल्या तर चित्रं थेट त्यांवर टांगता येतील का. थेट खिळा ठोकू नका. कड फुटते, भोक मोठं होत जातं आणि प्रदर्शन बदललं की डाग उरतो. भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या बांधपट्टीला (भिंती एकत्र बांधणाऱ्या पट्टीला) आडवा रूळ लावा आणि चित्रं तारेवर सोडा.

माती निवडताना चिकणमाती साधारण १० ते २० टक्के हवी, बाकी वाळू, बारीक खडी आणि गाळ. फुगणारी काळी माती नकोच, वाळताना भेगा पडतात. ओल तपासायला मुठीत गोळा करून दीड मीटरवरून टाका. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर, न फुटता चपटा झाला तर पाणी जास्त, भुकटी झाली तर कमी. थर १५ सेंमीचा, धुमसून १० च्या आसपास येतो. त्याहून जाड घातला तर तळ पोकळ राहतो, शटरिंग (साचा) काढल्यावर ते दिसतं.

खरी चूक घाईत होते. ४५ सेंमी जाडीची भिंत वाळायला कित्येक महिने लागतात. ओल असताना कागदावरची चित्रं लावली की बुरशी आलीच. दालनातली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर दिसेपर्यंत थांबा.

भुकटी सुटते म्हणून ऑइलपेंट मारू नका, ओल अडकून पापुद्रे निघतात. पावसाची ओल भिंतीला लागू नये म्हणून जोतं दगडी, वळचण खोल. आणि कुंभार, गिलावा करणारे कारागीर नकाशा ठरतानाच बोलवा. नंतर त्यांच्या हाती फक्त सजावट उरते.