माझा प्रोग्राम चालू असताना कर्नल नेमका कुठे असतो? (ऑपरेटिंग सिस्टिम, मदत हवी आहे)

भोगावती:

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत राधानगरी तालुक्यात मराठी माध्यमातून शिकले. या सत्रात ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय आहे आणि तो मला मनापासून आवडतोय, म्हणूनच अर्धवट कळलेला सहन होत नाही. गणितं येतात. राउंड रॉबिनचा गँट चार्ट, बँकर्स अल्गोरिदमचा सेफ सीक्वेन्स, पेज रिप्लेसमेंट, सगळं सुटतं. पण ज्या गोष्टीवर हे सगळं उभं आहे तीच डोक्यात बसलेली नाही.

एकाच कोअरचा सीपीयू आहे असं धरू. त्यावर एका क्षणी एकच प्रोग्राम चालणार. ऑपरेटिंग सिस्टिम (म्हणजे तिचा गाभा, कर्नल) हाही शेवटी प्रोग्रामच. म्हणजे माझा प्रोग्राम चालू आहे त्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टिम चालू नाही. जी चालूच नाही ती माझ्या प्रोग्रामला थांबवते कशी? टाइम क्वांटम (एका प्रोग्रामला एका वेळी मिळणारा ठरलेला वेळ) संपला हे तिला कळतं कुठून? वर्गात विचारलं तर 'शेड्युलर थांबवतो' असं उत्तर मिळालं, पण शेड्युलर, म्हणजे पुढे कोणी चालायचं ते ठरवणारा भाग, हाही कोडच ना, तो कोण चालवतं? व्हिडिओंमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे ऑफिसातला मॅनेजर असं सांगतात. मॅनेजर हा वेगळा माणूस असतो, इतर काम करत असताना तो बघत बसू शकतो. इथे बघत बसायला दुसरा सीपीयूच नाही.

दुसरा प्रश्न प्रॅक्टिकलमधला. प्रिंटएफने एक ओळ छापली, ओळीच्या शेवटी न्यूलाइन टाकली आणि मग फोर्क (चालू प्रोग्रामची हुबेहूब दुसरी प्रत करणारा कॉल) केलं. टर्मिनलवर ओळ एकदाच येते. तेच आउटपुट फाईलमध्ये वळवलं की फाईलमध्ये तीच ओळ दोनदा! प्रिंट तर फोर्कच्या आधी आहे.

तिसरं म्हणजे, रोज एसटीने ये-जा करते, त्यामुळे लॅब सुटल्यावर थांबता येत नाही. घरच्या लॅपटॉपला 4 जीबी रॅम आहे आणि विंडोज आहे. त्यावर लिनक्स शिकायला काय करावं? विंडोज काढायचं नाही, धाकटा भाऊ त्यावरच अभ्यास करतो.

शिरोलीकर:

पहिला प्रश्न लई महत्त्वाचा आहे. याचं उत्तर एकदा बसलं की निम्मा विषय त्याच्यावरच उभा राहतो, म्हणून सावकाश लिहितो.

तुझं म्हणणं शब्दशः खरं आहे. तुझा प्रोग्राम चालू असतो तेव्हा त्या कोअरवर कर्नलची एकही ओळ चालत नसते. थांबवतं ते हार्डवेअर.

मशीनमध्ये टायमर असतो. तुझ्या प्रोग्रामच्या ताब्यात सीपीयू देण्याआधीच कर्नलने तो लावून ठेवलेला असतो. वेळ झाली की टायमर इंटरप्ट (सीपीयूला चालू काम थांबवायला लावणारा इशारा) देतो आणि सीपीयू तुझी पुढची इन्स्ट्रक्शन न घेता एका ठरलेल्या पत्त्यावर उडी मारतो. तो पत्ता कर्नलने मशीन सुरू होतानाच लिहून ठेवलेला असतो. उडी मारताना सीपीयू युजर मोडमधून कर्नल मोडमध्ये जातो आणि तू कुठल्या इन्स्ट्रक्शनवर होतीस ते जपून ठेवतो. बाकीची रजिस्टर्स (सीपीयूच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागा) कर्नलचा कोड जपतो. आता कर्नल खरोखर चालू झाला. मग तो शेड्युलरला विचारतो की हिलाच पुढे चालू द्यायचं की दुसऱ्या कुणाला. दुसरी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला दुसरा प्रोग्राम, निवडली तर तिची जपलेली रजिस्टर्स भरायची आणि ती जिथे थांबली होती तिथून सोडून द्यायची. कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात तो हाच. लिनक्समध्ये हा टिक, म्हणजे टायमरचा इंटरप्ट, सेकंदाला किती वेळा द्यायचा ते कर्नल तयार करतानाच ठरतं: 100, 250, 300 किंवा 1000. 250 असेल तर दर 4 मिलिसेकंदांनी.

आता पुढची शंका येणारच: प्रोग्रामने टायमरच बंद केला तर? करता येत नाही. इंटरप्ट बंद करण्याची इन्स्ट्रक्शन युजर मोडमध्ये चालवायला गेलीस तर सीपीयू स्वतःच ती अडवतो, पुन्हा कर्नलमध्ये उडी मारतो आणि कर्नल तुझी प्रोसेस मारून टाकतो. युजर मोड आणि कर्नल मोड हे दोन मोड याच्यासाठीच आहेत. पुस्तकात ते पहिल्या धड्यात येतात आणि शेड्युलिंग पाचव्या-सहाव्यात, त्यामुळे मधला धागा पोरांच्या हाताला लागत नाही.

हे सगळीकडे पहिल्यापासून असंच होतं असं नाही. 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये विंडोजचे प्रोग्राम आपणहून सीपीयू सोडायचे. एखाद्याने सोडलाच नाही तर सगळी स्क्रीन गोठायची. विंडोज 95 मध्ये 32 बिट प्रोग्रामना टायमरने थांबवायला सुरुवात झाली. तुझा प्रश्न त्या काळी विचारला असतास तर 'थांबवत नाही' हेच खरं उत्तर होतं.

कर्नलमध्ये शिरायचे रस्ते तीनच आहेत. बाहेरून आलेला इंटरप्ट (टायमर, डिस्क, कीबोर्ड), प्रोग्रामने आपणहून केलेला सिस्टिम कॉल, आणि इन्स्ट्रक्शन चालवताना आलेली अडचण म्हणजे एक्सेप्शन. आता तुझे धडे परत बघ. प्रोग्रामने फाईल वाचायला मागितली, तो सिस्टिम कॉल. डिस्ककडून डेटा यायला वेळ लागणार, म्हणून कर्नलने प्रोसेस झोपवली आणि दुसरी चालू केली. डेटा आला, डिस्कचा इंटरप्ट आला, झोपलेली प्रोसेस पुन्हा रांगेत. आणि ज्या पत्त्याचं पान (मेमरीचा ठरलेल्या आकाराचा तुकडा) रॅममध्ये नाही तिथे हात घातला की पेज फॉल्ट, तो एक्सेप्शन. फाईल, प्रोसेस, मेमरी ही तीन वेगळी प्रकरणं वाटतात ना, ती याच दारांवर एकमेकांना भेटतात.

स्वतः बघायचं असेल तर हे कर. रिकामा अनंत लूप असलेला छोटा सी प्रोग्राम लिही. एकाच टर्मिनलमधून तो दोनदा सुरू कर आणि टास्कसेट कमांडने दोन्ही एकाच कोअरला बांध. टॉप (कुठली प्रोसेस किती सीपीयू घेते ते दाखवणारी कमांड) लावून बघ, मग प्रॉक डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या नंबराखाली स्टेटस नावाची फाईल आहे ती उघड. शेवटी दोन आकडे दिसतील, व्हॉलंटरी आणि नॉनव्हॉलंटरी कॉन्टेक्स्ट स्विच. लूपचा नॉनव्हॉलंटरी आकडा चढत जाईल, कारण तो कधीच आपणहून सीपीयू सोडत नाही. मग लूपच्या आत थोडी झोप, म्हणजे स्लीप, टाकून बघ, व्हॉलंटरी आकडा चढेल. नंतर एका लूपला नाइस 5 दे (नाइस जितका जास्त तितकी प्रायॉरिटी कमी) आणि टक्के कसे बदलतात ते सांग. दोन्ही एकाच टर्मिनलमधून हे मुद्दाम सांगतोय. डेस्कटॉप लिनक्स वेगवेगळ्या टर्मिनलचे वेगळे गट धरतं आणि मग नाइसचा परिणाम दिसत नाही.

मी शिरोली एमआयडीसीत मशीनच्या कंट्रोलरवर काम करतो. आमच्याकडे टूल फिरत असताना एखादं काम काही मिलिसेकंद उशिरा झालं तरी जॉब वाया जातो, त्यामुळे टिक, इंटरप्ट आणि प्रायॉरिटी हे शब्द आम्हाला रोजचे आहेत. फाउंड्रीच्या या गावात हा विषय नीट येणाऱ्या पोरापोरींची खरंच गरज आहे.

कळंबा_तलाव:

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. प्रिंटएफ हा सिस्टिम कॉल नाही, सी लायब्ररीतलं फंक्शन आहे. ते अक्षरं लगेच कर्नलकडे पाठवत नाही, तुझ्याच प्रोसेसच्या मेमरीतल्या बफरमध्ये साठवतं. आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर न्यूलाइन आली की बफर रिकामा होतो. फाईलमध्ये जात असेल तर लायब्ररी बफर भरेपर्यंत किंवा प्रोग्राम संपेपर्यंत थांबते.

म्हणजे फाईलमध्ये वळवलंस तेव्हा फोर्कच्या क्षणी ती ओळ अजून बफरमध्येच होती. फोर्क प्रोसेसची मेमरी जशीच्या तशी मुलाला, म्हणजे नव्या प्रतीला, देतं, त्यात बफरही आला. मग आई, म्हणजे मूळ प्रोसेस, संपताना एकदा ओळ लिहिली गेली, मूल संपताना पुन्हा एकदा. फोर्कच्या आधी एफफ्लश (बफर लगेच रिकामा करणारं फंक्शन) कर किंवा प्रिंटएफऐवजी थेट राइट हा सिस्टिम कॉल वापर, ओळ एकदाच येईल. एसट्रेस (प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावलंस तर राइट नेमका कधी आणि कुठल्या प्रोसेसकडून होतो तेही डोळ्यांनी दिसेल. फोर्कचा फॉलो करायचा पर्याय द्यायला विसरू नकोस, नाहीतर फक्त आईचेच कॉल दिसतील.

जुना_करवीरकर:

मुली, मी हा विषय बरीच वर्षं शिकवला आहे. असा प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी वर्गात असणं हे शिक्षकाचं भाग्य. वर्गात पुन्हा विचार. मागच्या वेळी घाईत उत्तर दिलं गेलं असेल, तासानंतर निवांत विचारलंस तर कुठलाही शिक्षक खूश होऊन सांगेल.

लॅपटॉपचं सांगतो. विंडोज काढायची गरज नाही. विंडोज 10 किंवा 11 असेल तर डब्ल्यूएसएल 2 (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) टाक, त्यात खरा लिनक्स कर्नल चालतो. फोर्क, एसट्रेस, प्रॉक सगळं तिथे बघता येईल. मेमरीची मर्यादा मात्र सेटिंगमध्ये 1 ते 1.5 जीबीवर बांधून घे, नाहीतर 4 जीबीत विंडोजची दमछाक होईल. ग्राफिकल डेस्कटॉपच्या नादाला लागू नकोस, या विषयाला काळी स्क्रीन पुरते.

त्यावरच एमआयटीचं एक्सव्ही6 चालव. 1975 च्या युनिक्स सहाव्या आवृत्तीवरून विद्यार्थ्यांसाठी नव्याने लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, मोफत आहे, एमुलेटरमध्ये चालते. शिरोलीकरांनी जे तीन रस्ते सांगितले ते त्यात युजरट्रॅप नावाच्या एकाच फंक्शनमध्ये दिसतात. कर्नलमध्ये येण्याच्या कारणाचा आकडा 8 असेल तर सिस्टिम कॉल. उपकरणाचा इंटरप्ट असेल तर त्याची वेगळी शाखा. कशातच बसत नसेल तर प्रोसेसला मारायची खूण. आणि फंक्शनच्या शेवटाकडे, टायमरचा इंटरप्ट असेल तर यील्ड, म्हणजे सीपीयू सोडणं. ती यील्डची ओळ म्हणजेच तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. छापून भिंतीवर लाव.

परीक्षेसाठी एकच सूचना. फिफोमध्ये (आधी आलेलं पान आधी काढायचं) फ्रेम, म्हणजे रॅममधल्या पानांच्या जागा, वाढवून पेज फॉल्ट वाढतात हे नुसतं बेलडीचं नाव लिहून सोडू नकोस. 1, 2, 3, 4, 1, 2, 5, 1, 2, 3, 4, 5 हा क्रम घेऊन 3 फ्रेमना 9 आणि 4 फ्रेमना 10 फॉल्ट येतात हे हाताने काढून दाखव. पूर्ण गुण मिळतात आणि मुख्य म्हणजे स्वतःला पटतं.

भोगावती:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. डब्ल्यूएसएल चालू झालं. दोन्ही लूप एका कोअरवर बांधले तेव्हा टॉपमध्ये 50-50 टक्क्यांच्या आसपास. एकाला नाइस 5 दिलं तर दुसरा 75 च्या आसपास आणि नाइसवाला 25! नॉनव्हॉलंटरीचा आकडा चढताना बघून अंगावर काटा आला, खरंच. थांबवणं म्हणजे काय ते पहिल्यांदा दिसलं. फाईलमधली दोनदा येणारी ओळसुद्धा एफफ्लशने एकदाच आली.

शिरोलीकर दादा, आता त्यातूनच नवीन शंका. माझ्या लूपला कर्नल थांबवतो. पण कर्नलच्याच कोडमध्ये चुकून अनंत लूप पडला तर त्याला कोण थांबवणार?

शिरोलीकर:

75 आणि 25 बरोबर आलेत. लिनक्स नाइस 0 ला 1024 वजन देतं आणि नाइस 5 ला 335. भागाकार करून बघ.

कर्नलमधल्या लूपचं दोन प्रकारे होतं. इंटरप्ट चालू असतील तर टायमर येत राहतो, पण कर्नल अशा जागी अडकला असेल की तिथून प्रोसेस बदलायला परवानगीच नाही, तर शेड्युलरही हतबल. लिनक्समध्ये यासाठी वॉचडॉग आहे. साधारण 20 सेकंद कोअर तसाच अडकला तर तो सॉफ्ट लॉकअपचा संदेश लॉगमध्ये टाकतो. दुसरा प्रकार वाईट. कर्नलने स्वतः इंटरप्ट बंद केले आणि मग लूपमध्ये गेला, तर टायमरलाही दाद मिळत नाही. अशा वेळी नॉनमास्केबल इंटरप्ट कामाला येतो, म्हणजे बंद करूनही बंद न होणारा. त्याच्यावरून हार्ड लॉकअप ओळखतात. पण हे ओळखणं झालं, सुटका नव्हे. सहसा मशीन रीसेटच करावं लागतं.

म्हणूनच कर्नल लिहिणारे इंटरप्ट बंद ठेवायचा काळ होईल तेवढा छोटा ठेवतात. पुढे स्पिनलॉकचा (मोकळा होईपर्यंत सीपीयूला जागीच फिरवत ठेवणारा लॉक) धडा येईल तेव्हा हीच शंका मनात ठेवून वाच. लॉक हातात असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला आणि त्याच्या हँडलरला (इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडला) तोच लॉक हवा असला तर काय होईल, ते कागदावर काढ आणि इथे टाक. मी रात्री ड्युटीवरून आल्यावर बघतो.