मदत हवी आहे: चाळिशीनंतर वजन आणि तेल, नेमकं कोणतं घेऊ?

नमस्कार. वय 47. वर्षभर पाळी लहरी झालीय, कधी पंचवीस दिवसांनी तर कधी अडीच महिन्यांनी. दोन वर्षांत 6 किलो वाढले, तेही सगळे पोटावर. ड्रेस खांद्यात सैल आणि पोटावर तंग, अशी गत. थायरॉइड नॉर्मल आहे, पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 146 आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेल बदला, कमी करा," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कोणतं आणि किती, हे विचारायचं राहूनच गेलं.

माहेर लातूरकडचं. तिथे घाण्यावरून करडईचं तेल यायचं, बरणी उघडली की स्वयंपाकघरभर वास. पुण्यात सासरी आधी शेंगदाणा होतं, आता काही वर्षं रिफाइंड सूर्यफूल. सासूबाई म्हणतात, सगळं दुखणं त्या रिफाइंडमुळे, लाकडी घाण्याचं आणा. नवरा पिशवीवरचं 'कोलेस्टेरॉल फ्री' दाखवतो. भावजय ऑलिव्ह ऑइल आणून देते, ते सॅलडवर घालून संपतच नाही कारण आमच्याकडे सॅलड म्हणजे कोशिंबीर. मला हे सगळे ऐकून डोकं धरायची वेळ आलीय. तळण मी कधीच बंद केलंय, महिन्यातून एकदा भजी, तरी वजन हलत नाही. तेल बदलून खरंच काही होईल का?

मोगरा: ताई, आधी एक सांगा, घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती लागतं?

धागाकर्ती: चौघं. आम्ही दोघं, सासूबाई, कॉलेजातली मुलगी. 5 लिटरचा कॅन महिनाभर पुरतो. तसं जास्त नाही ना?

मोगरा: 5 लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. चौघांत आणि तीस दिवसांत वाटलं तर माणशी रोज 38 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या बाईला वरून घालायचं तेल-तूप दिवसाला 20 ग्रॅमच्या आसपास धरलं होतं. तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, मग ते घाण्याचं असो, रिफाइंड असो की ऑलिव्ह. तुमच्या पोटाला त्या बाटलीची किंमत कळत नाही. 18 ग्रॅम जास्त म्हणजे रोजच्या 160 कॅलरी. तेव्हा आधी कॅन 3 लिटरचा करा, नाव नंतर बदला.

धागाकर्ती: अहो पण मी ओतते कुठे एवढं? फोडणीला दोन पळ्या, बस.

मोगरा: तुमची पळी मोजा बरं. माझ्या पळीत 15 मिली मावलं होतं, म्हणजे दोन पळ्यांना 30. घडीच्या पोळीत पदर सुटावेत म्हणून लावतो ते, कणकेत घालतो ते, पोळी उतरवल्यावर वर फिरवतो ते, हे कुणी मोजत नाही. मी फुलके आणि भाकरीवर आले, तेवढ्यातच महिन्याचं लिटरभर वाचलं. सासूबाईंना घडीचीच हवी असेल तर त्यांच्या दोन वेगळ्या करा, भांडण नको.

समुद्रकाठ: आमच्या रत्नागिरीत खोबरेलाशिवाय भाजीला चव नाही, पण एलडीएल 146 आहे तर त्याच्या नादी लागू नका. त्यातली साधारण नव्वद टक्के चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी असते. मला स्वतःला हे पटायला दोन रिपोर्ट लागले. आता मी ते फक्त सोलकढीबरोबरच्या भाजीला, वरून चमचाभर घेते. आणि 'कोलेस्टेरॉल फ्री'चं म्हणाल तर कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, तुमच्या साहेबांना सांगा.

आहारवाली: मी आहारतज्ज्ञ आहे, पण तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, म्हणून थोडंसंच सांगते. पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं, तेव्हा चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटाकडे वळते आणि एलडीएलही वर जातं. ती तुमची चूक नाही. एलडीएलसाठी खोबरेल, पाम, वनस्पती तूप कमी आणि शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, राइस ब्रॅन यांपैकी आलटून पालटून, ही साधी पद्धत. सूर्यफूल आणि करडईत ओमेगा-6 या प्रकारची चरबी भरपूर, ओमेगा-3 प्रकारची जवळजवळ नाही, म्हणून वर्षभर एकाच डब्यावर अडून बसू नये. ओमेगा-3 साठी जवसाची चटणी आहेच की, मराठवाड्याला मी काय सांगावं! भज्यांचं तळलेलं तेल मात्र पुन्हा पुन्हा तापवू नका, उरलं तर दुसऱ्या दिवशी भाजीला संपवा.

भाकरतुकडा: कुणी दाण्याच्या कुटाचं बोललं नाही! दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच. भाजीत अर्धी वाटी कूट, वरून किसलेलं खोबरं, एकादशीला साबुदाणा खिचडी. आम्ही पळी मोजायला लागलो आणि कूट मात्र मूठमुठीनं टाकत राहिलो. दोन महिने काटा जागचा हलला नव्हता.

धागाकर्ती: भाकरतुकडा, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. आमच्याकडे वांग्याच्या भाजीतही कूट, कोशिंबिरीतही कूट आणि काकडीवर तर दोनदा. आज मोजलं, पळी 18 मिलीची निघाली. कॅन संपला की 3 लिटर शेंगदाणा आणते, पुढच्या महिन्यात करडई. लातूरच्या काकांना फोन केलाय, घाण्याचं मिळालं तर माहेरचा वास परत येईल. सासूबाईंनी विचारलं, "मग माझ्या चटणीतलं तेल?" ते मी त्यांच्यापुरतं सोडलंय, त्या 78 वर्षांच्या आहेत आणि 44 किलोच्या. एक राहिलंच, लोणच्यावरचं तेल ताटात घ्यायचं की गाळून ठेवायचं?

मोगरा: फोड उचला, तेल बरणीत राहू द्या. तेलावाचून लोणच्याला बुरशी येते.